पेढीला माणूस हवा आहे

लाभपंचमीचा मुहूर्त होतो, नव्या वहीत पहिली नोंद पडते, ओळखीचे व्यापारी येऊन तोंड गोड करून जातात. आणि त्याच सुमारास अनेक पेढ्यांवर एक प्रसंग घडतो. पंचवीस-तीस वर्षे पेढीचा उंबरठा झिजवलेले मुनीमजी दुपारची गर्दी ओसरल्यावर मालकासमोर बसतात आणि हळू आवाजात सांगतात, "शेठ, आता डोळे साथ देत नाहीत. पुढची दिवाळी गावी करीन म्हणतो." शेठ मान डोलावतात, दोन समजुतीचे शब्द बोलतात; परंतु त्या रात्री त्यांना झोप लागत नाही. मुनीमजींच्या जागी कोणाला बसवावे?

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी देसावरहून येणाऱ्या पत्रात असे. गावाकडचा एखादा होतकरू मुलगा, मामाच्या ओळखीतला, कोणाच्या तरी शब्दावर येई, पेढीवरच झोपे आणि पाहता पाहता तयार होई. दुकानाच्या नोंदणीला लोक आजही 'गुमास्ता लायसन्स' म्हणतात. पेढी आणि गुमास्ता यांचे नाते किती जुने आहे याची ती खूण आहे. आता गावाकडची मुले शिकून निराळ्या वाटांनी गेली आहेत, आणि पेढीचे कामही पूर्वीचे राहिलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ई-इनव्हॉइस अनिवार्य झाले. केवळ विश्वासू माणूस आता पुरत नाही; तो जाणकारही असावा लागतो. आणि केवळ जाणकार माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देता येत नाही, हे तर व्यापाऱ्याला कोणी शिकवावयास नको.

असा माणूस आज इंटरनेटवर शोधता येतो. बहुतेक पेढ्या मात्र शोध घेत नाहीत, जाहिरात देतात. या दोहोंत मोठे अंतर आहे. जाहिरात म्हणजे दुकानाबाहेर पाटी लावून वाट पाहणे. ज्याला नोकरी नाही किंवा जो असलेल्या नोकरीला कंटाळला आहे, तोच ती पाटी वाचतो. जो आपल्या कामात रमलेला आहे, त्याची नजर त्या पाटीवर पडतच नाही. शोध म्हणजे असा माणूस कोठे आहे याची स्वतः चौकशी करून त्याच्यापर्यंत जाणे. उत्तम मालासाठी व्यापारी सुरत, जोधपूर, मुरादाबाद पालथे घालतो. माणसासाठी मात्र तो गल्ल्यावर बसून वाट पाहतो.

गाळ्यातले उदाहरण

मीरा-भाईंदर हे अशा शोधाचे उदाहरण घेण्यास योग्य ठिकाण आहे. मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या या परिसराची १२ जून १९८५ रोजी नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे काम चालते. प्रेसचा आवाज आणि बफिंगची काळी धूळ ही तेथील गल्ल्यांची ओळख आहे.

अशाच एका गाळ्याचे उदाहरण कल्पून पाहावे. वडिलांनी उभा केलेला व्यवसाय, आता हिशेब पाहणारा मुलगा, वीस-बावीस कामगार आणि निवृत्तीस आलेले मुनीमजी. मुनीमजी हिशेब तर ठेवतातच. शिवाय आलेला पत्रा तपासतात, तयार भांड्यांची छाननी करतात आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल चालत नाही हे तोंडपाठ सांगतात. हिशेबासाठी माणूस मिळण्यासारखा आहे. अडचण दुसऱ्या कामाची आहे. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह अनिवार्य केले. स्टीलच्या भांड्यांसाठीचे मानक आहे 'आयएस १४७५६ : २०२२'. मालाची चाचणी, तिच्या नोंदी, परवान्याचे कागद हे सारे नीट ठेवणारा गुणवत्ता तपासनीस आता लहान कारखान्यालाही हवा झाला आहे. तो न मिळाल्यास माल पडून राहील, ऑर्डर दुसरीकडे जाईल. म्हणून येथे प्रश्न एका नेमणुकीपुरता नाही. वीस-बावीस घरांच्या चुली त्यावर अवलंबून आहेत.

मुलगा एका संकेतस्थळावर जाहिरात देतो. शेकडो अर्ज येतात. त्यांत वाहनचालक आहेत, विमा विकणारे आहेत, नुकतेच पदवीधर झालेले आहेत. भांड्यांचा पत्रा ज्याच्या हातून गेला आहे असा एकही नाही. दुसरीकडे नात्यातून एक नाव सुचवले जाते. मुलगा चांगला आहे, पण त्याला काम येत नाही. आणि नाही म्हणावे तर नाते दुखावते. अशा वेळी शोधाची विद्या उपयोगी पडते.

शब्दांचे बीजगणित

ही विद्या ज्या पायावर उभी आहे, तो संगणकाहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडमधील लिंकन गावी १८१५ मध्ये एका मोच्याच्या घरी जॉर्ज बूल जन्मला. विद्यापीठाचे शिक्षण त्याला मिळाले नाही. त्याने गणित स्वतःच आत्मसात केले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे तो गणिताचा प्राध्यापक झाला. माणसाचा विचार 'आणि', 'किंवा', 'नाही' अशा थोड्या शब्दांनी बांधलेला असतो आणि त्या शब्दांचे बीजगणित मांडता येते, हे त्याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. त्याची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव दिले गेले तेच हे एव्हरेस्ट. बूलचे गणित पुढे विजेच्या मंडलांत आणि संगणकांत उतरले, आणि आज शोधयंत्राच्या रिकाम्या चौकटीत शब्द लिहिणारा प्रत्येक जण नकळत तेच वापरतो.

नकळत वापरणे आणि जाणून वापरणे यांत फरक पडतो. गूगलमध्ये दोन शब्द शेजारी लिहिले, तर त्यांच्यामध्ये 'आणि' आहे असेच ते यंत्र साधारणपणे धरते. एखादे पद जसेच्या तसे हवे असेल, तर ते दुहेरी अवतरण चिन्हांत घालावे; मग 'क्वालिटी' एका ओळीत आणि 'इन्स्पेक्टर' दहा ओळींनंतर असे पान पुढे येत नाही. एकाच कामाला अनेक नावे असतील, तर त्यांच्यामध्ये इंग्रजी 'ऑर' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. कोणी स्वतःला 'क्वालिटी इन्स्पेक्टर' म्हणतो, कोणी 'क्यूसी इंजिनिअर', तर कोणी 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह'; तिघांचे काम एकच असू शकते. जे नको आहे त्याच्या आधी वजाबाकीचे चिन्ह लावावे आणि चिन्ह व शब्द यांत जागा सोडू नये. 'जॉब्स' आणि 'व्हेकन्सी' हे शब्द असे वजा केले की जाहिरातींची गर्दी बरीच हटते आणि माणसांची पाने वर येतात.

याखेरीज दोन आज्ञा विशेष उपयोगाच्या आहेत. इंग्रजी 'साइट' हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि लगेच एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की शोध तेवढ्याच स्थळापुरता मर्यादित होतो. लिंक्डइन हे व्यावसायिकांचे स्थळ २००३ मध्ये सुरू झाले. तेथील प्रत्येक व्यक्तीच्या पानाच्या पत्त्यात संकेतस्थळाच्या नावानंतर तिरकी रेघ आणि 'इन' ही दोन अक्षरे येतात. 'साइट' या आज्ञेपुढे तेवढा पत्ता आणि नंतर आपले शब्द लिहिल्यास, ज्यांनी आपले पान सर्वांसाठी खुले ठेवले आहे अशांचीच यादी समोर येते. भरती करणारे लोक याला 'एक्स-रे' शोध म्हणतात. दुसरी आज्ञा 'फाइलटाइप'. तिच्यापुढे 'पीडीएफ' लिहून सोबत 'रेझ्युमे', 'सीव्ही' किंवा 'बायोडेटा' यांपैकी शब्द जोडले, तर लोकांनी स्वतः खुलेपणाने ठेवलेले परिचयपत्रक सापडू शकते. भारतात तिन्ही शब्द चालतात, म्हणून तिन्हींनी शोध घ्यावा. अपूर्णविरामानंतर जागा सोडली की आज्ञा बिघडते, एवढे पथ्य पाळावे.

नोकरीच्या संकेतस्थळांवरही हेच तत्त्व चालते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमवर जाहिरात देण्याव्यतिरिक्त परिचयपत्रकांचा साठा शुल्क भरून पाहता येतो, आणि तेथे कोणते शब्द असलेच पाहिजेत व कोणते नसावेत हे सांगण्याची सोय आहे. ज्यांना खर्च टाळावयाचा आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे २०१५ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ आणि महाराष्ट्र शासनाचे महास्वयम् ही दोन दालने आहेत. तयार माणूस न मिळाल्यास शिकाऊ उमेदवार घडवण्याचा मार्गही १९६१ च्या कायद्याने मोकळा ठेवला आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजना २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भार सरकारकडून उचलते.

शब्द कोणाकडून घ्यावेत?

आज्ञा एका दुपारी शिकता येतात. खरा प्रश्न असा की चौकटीत कोणते शब्द लिहावेत. येथेच बहुतेक शोध फसतात. 'अनुभवी', 'मेहनती', 'प्रामाणिक' हे शब्द प्रत्येक परिचयपत्रकात असतात, म्हणून ते कोणालाच निवडत नाहीत. जो शब्द केवळ ते काम केलेलाच लिहील, तो शब्द शोधून काढावा लागतो.

कल्पिलेल्या गाळ्यातील मुलगा प्रारंभी 'क्वालिटी मॅनेजर मुंबई' एवढेच लिहितो आणि औषधे, सॉफ्टवेअर, उपाहारगृहे या सर्वांतील माणसे त्याच्यासमोर येतात. मग तो मुनीमजींसमोर वही घेऊन बसतो. "मुनीमजी, पत्रा आला की तुम्ही नेमके काय पाहता?" मुनीमजी प्रथम हसतात, तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. मग ते सांगू लागतात. पत्र्यासोबत आलेले मिलचे प्रमाणपत्र आधी पाहावे. चुंबक चिकटत नाही एवढ्यावर माल ३०४ ग्रेडचा मानू नये, कारण २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही; त्यात निकेल कमी आणि मँगेनीज अधिक असते, म्हणून रासायनिक थेंबाची परीक्षा करावी किंवा यंत्रावर तपासणी करून घ्यावी. खोल भांडे ओढताना काठाला तडा जातो का ते पाहावे. बफिंगनंतर लाटा दिसतात का ते उजेडात धरून पाहावे.

त्या एका तासात मुलाच्या वहीत शोधाचे खरे शब्द उतरतात: 'डीप ड्रॉइंग', 'बफिंग', 'मिल टेस्ट सर्टिफिकेट', 'इनकमिंग इन्स्पेक्शन', 'एक्सआरएफ', आणि सर्वांत महत्त्वाचे 'आयएस १४७५६'. मानकाचा तो क्रमांक कोणीही हौसेने आपल्या परिचयात लिहीत नाही. ज्याच्या पानावर तो आहे, त्याने ते काम बहुधा हाताळलेले असते. शेकडो अर्जांच्या जागी आता दहा-बारा नावे समोर येतात, आणि त्यांतील प्रत्येक नाव वाचण्याजोगे असते.

शेजारचे घर

यानंतर गावाचा विचार येतो. मीरा-भाईंदरचा शोध घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी की या गावाचे नाव इंग्रजीत एका पद्धतीने लिहिले जात नाही. 'भाईंदर'च्या शेवटी कोणी 'ए' लिहितो, कोणी 'ई'. 'मीरा'त कोणी एक 'आय' लिहितो, कोणी दोन 'ई'. कोणी 'मीरारोड' असा जोडशब्द करतो. एकाच वर्तनीने शोधल्यास बाकीची माणसे हाती लागत नाहीत. सर्व रूपे 'ऑर'ने जोडावीत. पिनकोडचाही उपयोग होतो: भाईंदर पश्चिमेचा ४०११०१, पूर्वेचा ४०११०५ आणि मीरारोडचा ४०११०७. नायगाव, वसई, दहिसर, बोरिवली ही नावेही जोडावीत, कारण लोकलने तेथून येणे सोपे आहे.

येथेच लहान व्यापाऱ्याच्या हाती एक मोठे बळ येते. भाईंदर स्थानक चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर आहे. येथील असंख्य माणसे पहाटे उठून विरारहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबतात आणि अंधेरी, लोअर परळ, चर्चगेट गाठतात. त्यांचे दिवसाचे कित्येक तास प्रवासात जातात. मोठ्या कंपनीइतका पगार गाळ्याचा मालक देऊ शकणार नाही. परंतु ज्याचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि नोकरी अंधेरीत आहे, त्याला तो ते तास परत देऊ शकतो. मुलांच्या अभ्यासाची वेळ, वृद्ध आईच्या औषधाची वेळ, सूर्यास्तापूर्वी घरी जेवण्याची सोय यांचे मोल पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. घरात मात्र ते कळते. म्हणून 'भाईंदर' आणि 'अंधेरी' हे दोन्ही शब्द एका शोधात लिहून पाहावेत. राहणे येथे आणि नोकरी तेथे, असा माणूस पुष्कळदा हाती लागतो.

त्याचबरोबर शोधात कधीच न सापडणाऱ्यांचेही स्मरण ठेवावे. मुलांच्या संगोपनासाठी चार-पाच वर्षे घरी राहिलेली जाणकार स्त्री आपले पान अद्ययावत ठेवत नाही. बफिंगच्या यंत्रावर आयुष्य गेलेल्या कारागिराचे पान नसतेच. यंत्राने न दाखवलेला माणूस अस्तित्वातच नाही, असे मानणे ही नवी अंधश्रद्धा होईल. जुनी ओळखपाळख सोडावयाची नाही. तिच्या जोडीला नवा शोध ठेवावयाचा आहे.

सापडले म्हणून घेऊ नये

शोधाची शक्ती वाढली की मर्यादेची आठवण ठेवावी लागते. एखाद्याचे परिचयपत्रक उघडे सापडले, त्यात त्याचा फोन, घरचा पत्ता, क्वचित आधार क्रमांकही दिसला, म्हणून ते सारे आपले झाले असे नाही. कुणाच्या अंगणाचे दार उघडे राहिले म्हणून कोणी आत शिरत नाही. न दिलेले घेऊ नये, हा संस्कार व्यापारी घरात मुलाला हिशेबाच्याही आधी मिळतो. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; दुसऱ्या कोणी उघडी टाकलेली माहिती मात्र तशी नाही. म्हणून कामापुरते वाचावे, कामापुरतेच टिपावे, उमेदवाराची यादी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवू नये आणि नेमणूक झाल्यावर उरलेल्यांची माहिती पुसून टाकावी. त्याच्या सध्याच्या मालकाकडे परस्पर चौकशी करणे तर मुळीच योग्य नाही. त्या एका फोनने त्याची असलेली नोकरी जाऊ शकते, आणि ज्याला अजून आपण काही दिलेले नाही त्याचे अन्न काढून घेतल्यासारखे होते.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. शोध घेताना आडनाव, छायाचित्र, विवाह, मूळ गाव हे सारे नजरेस पडते आणि मन नकळत त्यावरून निवडू लागते. हे यंत्रालाही चुकले नाही. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने उमेदवारांना गुण देणारे यंत्र बनवण्याचा प्रयत्न केला होता. मागील दहा वर्षांच्या अर्जांवरून ते शिकले. ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, म्हणून ज्या पत्रकात 'विमेन्स' हा शब्द येई त्याला ते कमी गुण देऊ लागले. कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला आणि २०१८ मध्ये हे वृत्त जगासमोर आले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेक साधने माणूस शोधून देण्यास सज्ज आहेत. त्यांची मदत अवश्य घ्यावी. परंतु पूर्वीच्या सवयी तीच यंत्रे अधिक वेगाने गिरवतात, याचे भान ठेवावे. आपल्या देशात तर १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई आहे. निवडीच्या कसोट्या आधी कागदावर लिहाव्यात, मग नावे पाहावीत. कसोटी आधी ठरली की नजर घसरत नाही.

पहिला शब्द आणि पडताळणी

माणूस सापडल्यावर त्याला काय लिहावे? नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांचे संदेश लोकांच्या फोनवर इतके येतात की खऱ्या मालकाचा संदेशही खोटा वाटतो. म्हणून पहिल्याच पत्रात पेढीचे पूर्ण नाव, गाळ्याचा पत्ता, वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक आणि लिहिणाऱ्याचे नाव असावे. काम कोणते, वेळ कोणती, पगार कोणत्या मर्यादेत हे स्पष्ट लिहावे, आणि उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर पैसे घेतले जाणार नाहीत असे नमूद करावे. त्याचे नाव कोठे वाचले आणि त्याच्या कोणत्या कामामुळे पेढीला त्याला भेटावेसे वाटले, हे सांगितल्यास विश्वास बसतो. पहिला संपर्क त्याने स्वतः खुल्या ठेवलेल्या मार्गानेच करावा. कामाच्या वेळेत फोन करू नये. उत्तर न आल्यास एकदा आठवण द्यावी आणि थांबावे.

उमेदवारही पेढीचा शोध घेतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गूगलच्या नकाशावर गाळ्याची नोंद नाही, आहे तो फोन बंद आहे, छायाचित्रात कचऱ्याचा ढीग दिसतो, असे असेल तर चांगला माणूस येण्यापूर्वीच परत फिरतो. माणूस शोधण्यास निघण्यापूर्वी आपले दार झाडून घ्यावे.

शेवटी पडताळणी. इंटरनेटवरील पान हे उमेदवाराने स्वतःविषयी दिलेले निवेदन आहे. ते प्रमाणपत्र नव्हे. शिक्षणाची कागदपत्रे त्याला डिजिलॉकरमधून स्वतः दाखवण्यास सांगता येतात. नोकरीचा काळ भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकावरून तोच दाखवू शकतो. पूर्वीच्या मालकाकडे चौकशी करावी ती त्याच्या संमतीने. आणि सर्वांत शेवटी माल त्याच्या हाती द्यावा.

कल्पिलेल्या गाळ्यात दहा-बारा नावांपैकी तिघे भेटीस येतात. मुलगा प्रश्न विचारतो. मुनीमजी कोपऱ्यात चष्मा पुसत बसलेले असतात. प्रश्न संपल्यावर ते उठून प्रत्येकापुढे एकच वाटी ठेवतात आणि काही बोलत नाहीत. पहिला वाटीकडे पाहून मालकाकडे पाहतो. दुसरा तिच्यावरील चमक पाहून प्रशंसा करतो. तिसरी एक बाई आहे. राहणार मीरारोड, नोकरी अंधेरीला. ती वाटी उचलते, खिडकीपाशी नेते, उजेडात हळूहळू फिरवते, काठावरून नख फिरवते आणि म्हणते, "बफिंग चांगले आहे. पण काठ एका बाजूला पातळ पडला आहे. हा पत्रा कोणत्या मिलचा, त्याचे सर्टिफिकेट पाहता येईल का?"

मुनीमजी कपाटाकडे जातात. प्रमाणपत्रांची जाड फाइल ते तिच्यासमोर ठेवतात आणि मुलाकडे वळून सांगतात, "भाई, मी दिवाळीपर्यंत थांबतो. ताईंना सारे दाखवून मगच गावी जाईन."